इद्दतीतली तारीख

आखाती देशात, खैतानमधल्या आमच्या इमारतीच्या शुक्रवारी सकाळी जिन्यात सुक्या बांगड्याचा वास भरून राहायचा. रत्नागिरीकडच्या बायका गच्चीवर मासळी वाळत घालत आणि कावळे हाकलता हाकलता गावच्या गोष्टी करत. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या त्या एप्रिलात मात्र दुसऱ्या मजल्यावरची शहरबानू गच्चीवर येत नव्हती. तिचा नवरा जाफर राई भागातल्या एका गॅरेजात मेकॅनिक होता. मार्चमध्ये कामावरच छातीत कळ येऊन गेला. तेव्हापासून ती इद्दतीत होती. नवऱ्यामागं चार महिने दहा दिवस बाईनं घरातच राहायचं, हा रिवाज.

त्या शुक्रवारी ती कोळंबी सोलत बसली होती. समोर वरच्या मजल्यावरची प्रेमा, पुण्याची नर्स. शहरबानूसाठी दवाखान्यात आयाची जागा तिनंच मिळवली होती. पण नवऱ्याच्या नावावरचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, त्याच्याबरोबरच संपला होता. तो दवाखान्याच्या नावावर व्हावा म्हणून केलेल्या अर्जाची सुनावणी रविवारी कोर्टात होती. परवाना मिळाला तर नोकरी आणि मुलीची, अस्माची, शाळा. नाही तर गावी सासरच्या घरात परत. तिथं बारा वर्षांच्या अस्मासाठी स्थळही बघून ठेवलं होतं.

"बानू, आमचे उदय गाडी काढतील. इथं दारात बसायचं, तिथं दारात उतरायचं. कोणी बघणारसुद्धा नाही," प्रेमा म्हणाली.

"बघनारी सगली या बिल्डिंगीतच हायत, प्रेमाताई. कोरटात मला कोन वलखतंय?"

दोघी हसल्या. कितीतरी दिवसांनी शहरबानू हसली असेल.

तेवढ्यात जाफरचा धाकटा भाऊ अहमद आला. तो शुऐब्याच्या बंदरावर कामाला होता. भाऊ गेल्यापासून दर शुक्रवारी तांदूळ, भाजी, अस्मासाठी संत्री घेऊन येई. माणूस वाईट नव्हता.

"भाबी, भायच्या कबरीची माती सुकली नाय, नि तुमी बाहेर फिरनार?"

"फिराया नाय, कोरटात जातंय."

"एकच झाला. चार मर्दांच्या म्होरं उभा ऱ्हायाचा. गावात कलला तर मी तोंड खय दाखवू? घरात मर्द हाय ना? मी जातंय."

"अहमदभाई, तिथं बानूच हवी," प्रेमा म्हणाली. "नाही तर तिच्या सहीचं वकीलपत्र तरी हवं."

"सख्खा दीर हाय मी. त्याच्यापरास मोठा कागद कसला?"

शहरबानूनं हातातली टरफलं ताटात टाकली. मग म्हणाली, "येवढा तरी सांगा, मी इद्दतीत हाय म्हनून. पुढची तारीख मागून घ्या."

"सांगतंय ना!"

रविवारी अहमद इस्त्रीचा शर्ट घालून कोर्टाच्या बाकावर बसला. भोवती ड्रायव्हर, मजूर, दुकानदार, सगळे पुरुष. आतून शिपाई आला आणि मोठ्यानं ओरडला, "शहरबानू!"

अहमदच्या कानशिलांना आग लागली. घरच्या बाईचं नाव परक्या पुरुषांत घ्यायचं नाही, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं. आणि इथं ते नाव भर वऱ्हांड्यात घुमत होतं. शिपायानं पुन्हा हाक दिली. या नावानं कोण उठतंय म्हणून दोघाचौघांनी माना वळवल्या. अहमद बुटांकडे बघत बसला. तिसऱ्या हाकेला तो पाणी प्यायला उठून गेला.

घरी येऊन म्हणाला, "झाला काम. पुढची तारीख धाडतील."

तारीख आली नाही. अर्जदार गैरहजर, अर्ज फेटाळला, मायदेशी रवानगी, असा हुकूम घेऊन पोलीस आले. ज्या जिन्यातून शहरबानूनं कोर्टात जाऊ नये म्हणून अहमदनं एवढी काळजी घेतली, त्याच जिन्यातून तिला भर दुपारी दोन पोलिसांच्या मधून खाली नेलं. सगळी दारं बोटभर उघडी होती. रिवाज मोडतोय, असं पोलिसांना कोणी म्हटलं नाही.

प्रेमा अरबी जाणणाऱ्या एका डॉक्टरला घेऊन कोर्टात धावली. म्हातारे न्यायाधीश ऐकतच राहिले.

"इद्दत? अहो, गरज पडली तर आमच्या बायका इद्दतीतही इथं येतात. काम उरकून घरी परतायचं, एवढी मुभा धर्मानंच दिली आहे. तेही नको होतं, तर नुसता निरोप द्यायचा. मी तारीख पुढं नेली असती. तीनदा पुकारलं, कुणी ओ दिली नाही. आता हुकूम माझ्या हातातून गेला."

बायकांच्या कोठडीत प्रेमा हे सांगत होती, तेव्हा अहमदही शेजारी उभा होता.

"अहमदभाई, तुमी थयच व्हता ना?" शहरबानूनं गजांतून विचारलं.

"व्हतो."

"मग?"

"तुमचा नाव... सगल्यांच्या म्होरं... कसा बोलू, भाबी?"

ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "येवढाच तर करायचा व्हता."

जूनमध्ये मायलेकी गावी पोचल्या. इद्दत अजून सरली नव्हती. थोरली जाऊ कुबरा एका सकाळी म्हणाली, "जुम्म्याला पावने येतायत. अस्माला नवा कपडा घाल."

शहरबानूनं बुरखा चढवला आणि अस्माचा हात धरला.

"अगो, खय चाललीस? इद्दत हाय तुजी!"

"शालेत."

"लोका काय म्हनतील?"

"मी परत येयापर्यंत म्हनू दे काय म्हनायचा ता."

शाळेत हेडमास्तरांसमोर गावचे तिघे पुरुष बसले होते. एक तर तिचा चुलतसासरा. हेडमास्तरांनी मुलीचं नाव लिहून घेतलं आणि सवयीनं त्या पुरुषांकडे बघून विचारलं, "पालक कोण?"

चुलतसासरा खाकरला. पण शहरबानूनं तोंडावरचा पडदा वर केला होता. वऱ्हांड्यातल्या पोरांनासुद्धा ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती म्हणाली,

"शहरबानू जाफर परकार. हजर हाय."