चौथ्या भागातला भट्टीवाला

अमेरिकेतल्या यंग्सटाउन गावच्या एका हॉटेलात दर ऑक्टोबरला खूनपटांच्या वेड्यांचा मेळावा भरतो आणि दर मेळाव्यात वँडा पेट्रो आणि ड्वेन हॉलिस स्टेजवर एकमेकांच्या उरावर बसतात. वँडा भट्टीवाल्याची चाहती, ड्वेन घंटावाल्याचा. दोन्ही चित्रपटमालिका दोघांच्या शाळेच्या दिवसांपासून चालू आहेत. दोन्हींत मुखवटा घातलेला एक माणूस तरण्याताठ्या पोरांना कापत सुटतो, शेवटी एक मुलगी त्याचा निकाल लावते आणि पुढच्या भागात तो कपडे झटकून पुन्हा उभा राहतो. बाहेरच्याला दोन्ही सारख्याच वाटतात, पण बाहेरच्याला काय, सगळीच मांजरं सारखी वाटतात.

"तुझा भट्टीवाला सहाव्या भागात बोटीवर गेला," ड्वेनने सुरुवात केली. "पोलादाच्या कारखान्यातला माणूस बोटीवर काय करतो गं? मासे भाजतो?"

"आणि तुझ्या घंटावाल्याला आठव्या भागात जुळा भाऊ फुटला. अक्कल संपली की भाऊ काढायचा."

"पण आमचा माणूस सांगून मारतो. आधी घंटा, मग कुऱ्हाड. तुझा मेला पाठीमागून येतो."

"ते राहू दे. चौथ्या भागासारखं काही आहे का तुझ्याकडे?"

लोकांनी टाळ्या पिटल्या आणि ड्वेनने मान खाली घातली. चौथ्या भागात भट्टीवाला प्रत्येक दारापाशी थबकतो, चौकटीवरून सावकाश तळवा फिरवतो आणि मगच आत पाऊल टाकतो. वेल्डरचं तोंडावर ओढायचं काळं शिरस्त्राण, खाली तो जडशीळ देह, आणि तो एक हळुवार हात. त्या हातावर या लोकांनी वर्षानुवर्षं डोकी फोडली होती. कुणी म्हणे त्याला स्वतःचं जळलेलं घर आठवतं. कुणी म्हणे तो मरणाऱ्याची परवानगी मागतो.

"मग त्या माणसालाच विचारू," वँडा म्हणाली. "डॅगेटसाहेब, या वर."

मर्ल डॅगेट पहिल्या रांगेतून उठला. पांढरे केस, कॅलिफोर्नियाचं ऊन खाल्लेला चेहरा. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या भागात मुखवट्याखाली तोच, असं पोस्टरवर छापलेलं होतं. या गावच्या मेळाव्याला तो पहिल्यांदाच आला होता. सकाळी सह्या करताना त्याने सांगितलंही होतं, "तो हात माझ्या डोक्यातून आला. राक्षसालाही घर असतं." ऐकून दोन बायांनी डोळे पुसले होते. त्यांच्यामागे वँडा उभी होती आणि तिची नखं तिच्याच तळव्यात रुतली होती.

कारण तो हात तिच्या बापाचा होता.

चौथा भाग याच गावच्या बंद पडलेल्या कारखान्यात चित्रित झाला. मर्लला तिथल्या धुळीने खोकला लागला, छताखालच्या उंच, अरुंद पुलांवर चढायची भीती वाटली, म्हणून त्याच्या जागी गावातलाच बेकार झालेला वेल्डर स्टॅन क्रुपिन्स्की उभा केला गेला. चित्रपट कंपनीचा प्लास्टिकचा मुखवटा दिव्यांच्या उष्णतेने वाकला तेव्हा स्टॅनने घरून स्वतःचं शिरस्त्राण आणलं. त्याची काच खरी होती. समोर वेल्डिंगची ठिणगी नसली की त्या काचेतून काहीसुद्धा दिसत नाही. म्हणून स्टॅन चौकटी चाचपत चालायचा. पुलावर चौकट नव्हती. तिथे खाली मर्लने उभं राहायचं आणि कडा आली की "थांब" म्हणून ओरडायचं, असं ठरलं होतं. त्या दिवशी मर्ल मेकअपवाल्या पोरीशी खिदळत राहिला.

स्टॅन थांबला नाही. पुढचं सगळं आयुष्य तो अंथरुणावर होता. 'पिऊन आला होता,' असं मर्लने कंपनीला सांगितलं, त्यामुळे ना औषधाला मदत मिळाली, ना पडद्यावर नाव आलं. गेल्या हिवाळ्यात स्टॅन वारला. मर्लला त्याने कधी शिवी दिली नाही. ते काम वँडाने अंगावर घेतलं होतं. लग्नाच्या आडनावाखाली, भट्टीवाल्याची टोपी घालून, ती या माणसाची वाट बघत होती.

"चाल! चाल!" लोक ओरडू लागले.

हा या मेळाव्याचा रिवाज. पडद्यावर मुखवटा घातलेल्या प्रत्येक नटाने, मागणी झाली की, मुखवटा लावून स्टेजच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं. मध्येच मुखवटा काढला तर त्या माणसाला पुन्हा कुणी विचारत नाही. खरा भक्त नुसत्या चालीवरून सांगतो की खाली कोण आहे.

वँडाने टेबलाखालून शिरस्त्राण काढलं. मर्लने ते हसत हसत घेतलं. अशी नकली शिरस्त्राणं त्याने शेकड्याने घातली होती. सगळ्यांच्या काचा प्लास्टिकच्या, आरपार दिसणाऱ्या.

"जड आहे," तो म्हणाला आणि काच खाली ओढली. लोक वाट बघत होते. मर्ल हलला नाही.

"दिवे कुणी घालवले?" आतून आवाज आला.

लोक हसले. त्यांना वाटलं, म्हातारा रंगात आला.

"दिवे लावलेले आहेत, डॅगेटसाहेब," वँडा माइकमध्ये गोड आवाजात म्हणाली. "चौथ्या भागात तुम्ही असेच तर चालला होतात ना?"

काच वर करायला उचललेला मर्लचा हात अर्ध्यावरच थांबला. काच वर केली असती तर मग चौथ्या भागात कोण होतं, हे सांगावं लागलं असतं. तो चालू लागला. एक पाऊल, मग दुसरं. दोन्ही हात आता पुढे आले होते आणि हवा चाचपत होते.

हसणं विरत गेलं. तिसऱ्या रांगेतली एक बाई हळूच म्हणाली, "अगं बाई, चौथ्या भागात त्याला दिसतच नव्हतं." ते वाक्य मागच्या रांगांपर्यंत सरकत गेलं.

मर्ल सरळ जात नव्हता. तो तिरका, स्टेजच्या पुढच्या कडेकडे चालला होता. खाली पुरुषभर खोल फरशी होती. ड्वेन उठला. वँडाने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो होता तिथेच राहिला.

"वँडा," तो कुजबुजला, "पडेल तो."

वँडाला बापाची पाठ आठवत होती, दर तासाला कूस बदलून द्यावी लागणारी. तिला बरं वाटत होतं. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"कुणी आहे का?" मर्लचा आवाज फाटला. "कडा आली का? सांगा ना कुणीतरी."

बुटाचं टोक कडेबाहेर गेलं.

"थांब," वँडा म्हणाली.

मर्ल जागच्या जागी खाली बसला. त्याने शिरस्त्राण काढलं, गुडघ्यापुढे खोल खाली दिसणारी फरशी पाहिली आणि मग आतल्या पट्टीवर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं नाव. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"स्टॅनची कोण तू?"

"मुलगी. हे घालून चौथ्या भागात तोच चालला, पुलावरून तोच पडला. एवढा एकच शब्द होता, मर्ल. तुझ्याच्याने तोही म्हणवला नाही."

कुणी टाळी वाजवली नाही. पहिल्या रांगेतल्या एकाने सकाळी सही घेतलेला फोटो उभा फाडला आणि तुकडे स्टेजवर ठेवले. मग दुसरा आला. सह्यांची रांग लागते तशीच रांग लागली. फाटक्या कागदांच्या ढिगाशेजारी मर्ल बसून होता. उठायला त्याला कुणी हात दिला नाही.

वँडाने शिरस्त्राण त्याच्या मांडीवरून उचललं आणि बाहीने पुसलं.

"तू उशिरा बोललीस," तो हळूच म्हणाला. "आणखी एक पाऊल पडलं असतं तर?"

"मी तोच विचार करत होते," वँडा म्हणाली.