बिनभुवयांचा अर्जदार

सकाळचा उजेड इथे कधी घाईने येत नाही. मून नदीपलीकडच्या ताडांच्या शेंड्यांवर तो आधी बराच वेळ नुसता टेकून राहतो, ओझे उतरवून बसलेल्या पाहुण्यासारखा. मग सावकाश, कापणी झालेल्या भाताच्या खुंटांत उतरतो. दवाने जड झालेल्या पेंढ्यांना फिक्या गुळाचा रंग देतो. म्हशीच्या पाठीवरून निघणारी वाफ क्षणभर दिसू लागते आणि विरते. खांबांवर उभ्या घरांच्या पोटाखाली शिरून तो पाण्याच्या रांजणांवरून हात फिरवतो, चुलीवरच्या बांबूच्या टोपलीत फुलणाऱ्या चिकट भाताच्या वाफेत थोडा अडकतो, पुन्हा निघतो. त्यात विशेष असे काही नसते. रोज पडतो म्हणून कोणी त्याचे आभार मानत नाही.

माणसांच्या कपाळावरून उतरताना त्याला भुवयांचा उंबरा लागतो. खामसिंगच्या कपाळावरून मात्र त्या दिवसांत तो थेट डोळ्यांत घरंगळत होता, कारण खामसिंगला भुवया नव्हत्या.

त्या कुठे गेल्या हे सगळ्या गावाला ठाऊक होते. त्याची बायको सीनुआन महिन्यापूर्वी वारली. आईच्या चितेपुढे पोराने डोके आणि भुवया भादरून भिक्षूची पिवळी वस्त्रे घ्यायची, म्हणजे त्या वस्त्राचा काठ धरून आई स्वर्गात चढते, ही इथली रीत. पण एकुलता एक थोंगदाम कोरियात परक्याच्या काकड्या पिकवत होता, आणि तोही मुदत टळलेल्या कागदांवर, लपूनछपून. एकदा विमानात बसला की पुन्हा तिकडे पाय ठेवता आला नसता. "त्याला तिकीट घावलं न्हाई," असे खामसिंगने गावाला सांगितले आणि विहारातल्या थोरल्या भिक्षूच्या वस्तऱ्याखाली स्वतःच मान दिली.

"जल्मभर बिचारी तुझ्या मागनं चालली," त्याचा जुना सोबती पुनमा तेव्हा म्हणाला होता, "आता सर्गातबी तुझाच काठ धरून जायाचं व्हय? वाटंत तरी तिला सुटी दे की रं!"

खामसिंग हसला होता. हसताना कपाळावर काहीच हलले नाही, त्यामुळे तो हसतोय की नाही ते कोणाला कळले नाही.

आता त्याला साठ पुरी झाली होती. साठीच्या माणसाला सरकार म्हातारपणाचे पैसे देते. त्यावर माणूस जगत नाही, पण मरणाला उद्या ये म्हणण्याइतकी ऐपत येते. खामसिंगचा हिशेब वेगळाच होता. फोनवर पोरगा दर खेपेला एकच पालुपद लावी, "मी आलो तर तुमी खाल काय, बा?" एकदा सरकारचे पैसे सुरू झाले की त्या पालुपदाची मानच मुरगळायची. 'माझं सरकार बघतंय, तू ये,' असे ठणकावून सांगायचे. त्यासाठी अर्ज हवा होता, आणि अर्जाचा आज शेवटचा दिवस होता. आज हुकला तर पुढचे अख्खे वर्ष गेले.

कचेरीवर 'ज्येष्ठांच्या दारी शासन' असा भलामोठा फलक झळकत होता. ज्येष्ठ मात्र शासनाच्या दारी गेले की आतली बाई गोड हसून सांगे, "अर्ज आता ऑनलाइन. घरबसल्या करा, आजोबा." घरबसल्या करायला ते आठ कोस चालून आलेले असत. असे शासन दारी येते तेव्हा दार आपण सोबत न्यायचे असते, हे खामसिंगला तिसऱ्या खेपेला उमगले.

म्हणून तो सकाळीच बुआरियांगच्या टपरीवर आला. बुआरियांग कच्ची पपई उखळात कुटून विके आणि गावात तिचाच फोन धड चाले. पुनमा आधीच तिथे बसून, पपईत घालायच्या आंबवलेल्या माशाचा वास घेत, फुकटच्या दोन घासांची वाट पाहत होता.

"बसा आबा," बुआरियांगने मुसळ बाजूला ठेवून हात पुसले. "कार्ड द्या. आता ह्या चौकटीत त्वांड धरा. डोळं मिचकवा. डावीकडं बघा."

खामसिंगने सगळे केले. उजवीकडे बघ म्हणण्याआधीच तिकडेही पाहून घेतले, न जाणो सरकारचा विचार बदलायचा. फोनने जरा वेळ घेतला, मग लाल अक्षरे आली. चेहरा जुळत नाही.

"कुणाशी जुळत न्हाई?" खामसिंगने विचारले.

"तुमच्याशीच, आबा."

"मग मी कोण हाय?"

"ते लिवलं न्हाई."

पुनमाने कार्ड हातात घेतले. त्यावरच्या खामसिंगला दाट, काळ्याभोर भुवया होत्या, जणू दोन सुरवंट समोरासमोर भांडायला उभे. त्याने समोरच्या गुळगुळीत कपाळाकडे पाहिले आणि मांडीवर थाप मारली.

"अगं, भुवया! सरकार भुवया हुडकतंय! अर्ध्या मुलखाचं बाप्ये कधी ना कधी भिक्षू होत्यात, पण ते यंत्र बनवणारा शहाणा कुणाच्या मौतीला गेला नसंल कधी."

"आता उगवंस्तवर थांबायचं म्हणजे वरीस गेलं," बुआरियांग म्हणाली. "थांबा." तिने आत जाऊन लेकीची भुवया कोरायची पेन्सिल आणली आणि खामसिंगची हनुवटी धरली. "हलू नका. जत्रंतल्या गाणाऱ्या बाईवानी करते."

केलेही तसेच, फक्त एक भुवई दुसरीहून बरीच मोठी झाली. पुनमाला हसता हसता ठसका लागला. "रातच्या खेळाला मोठी भुवई येणार, का धाकटीला धाडणार?"

फोनने गाणारी बाई ओळखली नाही. मग पुनमाने सूत्रे हाती घेतली. शेगडीतला गार कोळसा घेऊन, भात लावणीच्या गंभीरपणाने, त्याने दोन जाड रेघा ओढल्या. वर थुंकी लावून बोटाने चेपल्या. खामसिंग डोळे मिटून बसला होता. सीनुआन असती तर पोट धरून हसली असती, असे त्याला वाटले, आणि मिटलेले डोळे उघडायला त्याने उगाच जरा उशीर लावला.

यावेळी हिरवी खूण आली. ज्या चेहऱ्याने तो साठ वर्षे जगला तो सरकारला पटला नव्हता. कोळशाने काढलेला ताबडतोब पटला.

"झालं न्हवं?" तो उठू लागला.

"बसा. अजून हाय." बुआरियांग वाचू लागली. "घरात तुमच्यासंगं कोण ऱ्हातं?"

"पोरगा. थोंगदाम."

तिने पुनमाकडे पाहिले. पुनमाने पपईकडे पाहिले.

"लिही की. घरच्या सरकारी नोंदीच्या पुस्तिकेत नाव हाय त्याचं."

तिने लिहिले. फोन म्हणाला, सदर व्यक्तीने आजच आपला चेहरा दाखवून दुजोरा द्यावा.

"लाव फोन त्याला," खामसिंग म्हणाला. त्याचा आवाज एकदम तरुण झाला. पोराशी बोलायला सरकारनेच निमित्त दिले होते.

पडद्यावर प्लास्टिकच्या छपराखालचा पांढुरका उजेड आणि त्यात थोंगदामचे अर्धे तोंड आले. "बा? कपाळाला काय लावलंय?"

"सरकार. ते सोड. इथं चेहरा दाखव, माझं पैसं सुरू हुतील. मग तुला तिकडं ऱ्हायाचं कारण न्हाई. कापणी झाली, नवा भात हाय घरात."

पलीकडे थोंगदामने एकदा मागे वळून पाहिले आणि फोन तोंडाशी आणला.

"बा, मला सरकारला तोंड दावता यायचं न्हाई. कुठनं दावलं ते कळंल त्यांला." मग हळूच, "अन् दावता आलं असतं तरी... हितं बायको हाय माझी. दिस गेल्यात तिला. आईला सांगायचं हुतं. ऱ्हाऊन गेलं."

खामसिंगने मान हलवली. पडद्याला ती दिसली की नाही कोण जाणे.

"माझं नाव काढा, बा. खरं तेच लिवा."

"बरं. काकड्यांस्नी पानी दे," खामसिंग म्हणाला, आणि फोन बुआरियांगकडे सरकवला.

घामाने एक भुवई ओघळून गालावर आली होती. बुआरियांगने फडक्याच्या टोकाने ती पुसायला हात नेला आणि मागे घेतला. न जाणो पुन्हा चेहरा मागितला तर. पुनमाने स्वतःला मिळालेले पपईचे दोन घास खामसिंगपुढे सरकवले.

"काय लिवू, आबा?" तिने विचारले. "सांगा तुमीच."

खामसिंगने रस्त्याकडे पाहिले. एक म्हैस रस्ता ओलांडत होती, मागून येणारा ट्रक तिच्यासाठी थांबला होता. ती पलीकडे गेली, ट्रक निघाला.

"लिही," तो म्हणाला. "घरात मी एकटा ऱ्हातो."