कोथिंबिरीची मुळं

संक्रांतीचा दुसरा दिवस म्हणजे कर. त्या दिवशी फर्दापुरात घरोघरी मटण शिजतं. पण चौऱ्याण्णव साली गाव नुसतं धुमसत होतं. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागल्याची बातमी आदल्या दिवशीच आली होती. धनगराच्या सारजाबाईनं सकाळीच बौद्धवाड्यातल्या आशाबाईला निरोप धाडला, आज येऊ नकोस. हे आशाबाईच्या जिवासाठी, असं ती मनाला बजावत होती. खरी भीती टपरीची होती. टपरी नामांतराला विरोध करणाऱ्या काकासाहेबांच्या जागेत, अजिंठ्याच्या रस्त्याला.

टपरीवर मिळायचं काय, तर काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी, तीही थायलंडच्या पद्धतीची. लेणी पाहायला आलेल्या थाई यात्रेकरूंच्या आचाऱ्यानं ती आशाबाईला शिकवली. आशाबाईनं कोथिंबिरीची जुडी दिली, तर त्या बाबानं पानं बाजूला सारून मुळंच घेतली! मुळं, लसूण, मिरी, गवती चहा वाटायचा अन् गूळ घातलेल्या नारळाच्या दुधात कोंबडी मुरवायची. निखाऱ्यावर तो वास सुटला की वाळूजच्या कंपन्यांची माणसंसुद्धा गाड्या थांबवायची. वाटायची आशाबाई, तरटामागं बसून. भाजायची सारजाबाई, सगळ्यांसमोर. आशाबाई भांडी घासायला येते असं गावाला वाटायचं, आणि सारजाबाईनं तीन वर्षं ते वाटू दिलं होतं.

दुपारी काकासाहेब आठ-दहा जणांना घेऊन आले. दोघा-तिघांच्या हातात काठ्या होत्या.

"ती कुठंय?"

"आज नाय आली."

"बरं झालं. वाढ."

काकासाहेबांनी पहिला घास घेतला, चावला, आणि थांबले. "सारजाबाई, चव कुठं गेली?"

बाकीचेही खायचे थांबले. नारळ खवट निघाला एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते तिच्या जिभेवर आलंसुद्धा. पण जिच्या हातावर आपलं घर चाललं, तिला खवट नारळामागं लपवायची सारजाबाईला लाज वाटली.

"वाटण आज माझं हाय, काकासाहेब. रोजचं आशाबाईचं असतंय."

कोंबडी करपू लागली. एकानं काठी या हातातून त्या हातात घेतली. काकासाहेबांनी काडीकडं पाहिलं, माणसांकडं पाहिलं, आणि आवाज खाली आणला.

"वाटण तिचंच ठेव. घरून करून धाडू दे. पन ती इथं दिसायला नको."

त्यांनी टपरी मोडली असती तरी सारजाबाईला एवढा संताप आला नसता. जिभेला चालते, डोळ्यांना चालत नाही! तिनं निखाऱ्यांवर घागर ओतली आणि जाळी उचलली.

"मग चूलबी तिकडंच लावते. खायचं असंल तर तिकडं या."

वाट कुणी अडवली नाही. तरी आता काठी पडेल, मग पडेल, या धास्तीनं बौद्धवाडा येईस्तोवर तिनं मागं पाहिलं नाही.

आशाबाईनं दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. "येऊ नको म्हनून तूच निरोप धाडला व्हतास."

"व्हय. टपरीसाठी भ्याले. चुकलं माझं."

आशाबाईची नजर जाळीवर गेली. "करीच्या दिवशी नवं काम धरत नसतात."

"नवं कुठं? तीन वर्सांचंच हाय."

आशाबाई दारातून बाजूला झाली.

"मग पाटा भाईर काढ," ती म्हणाली. "रस्त्यावरनं दिसंल असा ठेव."