सिग्नल नाही

सकाळपासून सासऱ्यांच्या मोठ्या पडद्यावर एकच ओळ उमटत होती: ‘सिग्नल नाही’. दोन मिनिटं दिसायची आणि मग सगळा काळाकुट्ट अंधार.

सासरे मुद्रितशोधक. शहात्तरी गाठली तरी छापखाने त्यांच्याकडेच पुस्तकं धाडत, कारण ऱ्हस्वदीर्घाची चूक त्यांच्या तावडीतून सुटत नसे. दोन वर्षांपूर्वी नजरेच्या ऐन मध्यावर धूसर डाग आला आणि कागद वाचणं संपलं. तेव्हा सुनेनेच तोड काढली. एका ग्रंथालयातले कॉम्प्युटर तीच सांभाळायची. घरातल्या लॅपटॉपवर तिने जुनी सिस्टिम काढून लिनक्स ही मोफत सिस्टिम टाकली, त्याला बत्तीस इंची मॉनिटर जोडला आणि अक्षरं वाटीएवढी करून दिली. म्हातारबुवांचं गाडं पुन्हा सुरू झालं. आता शाळेचं गणिताचं पुस्तक हातात होतं, सोमवारी परत द्यायचं होतं, आणि कालच्या अपडेटने घात केला होता.

“केबल सैल असेल,” सासरे म्हणाले.

“नाही हो बाबा.”

“बघ तरी एकदा.”

तिने बघितली. दुसरी लावली. मग तीच केबल स्वतःच्या ऑफिसच्या लॅपटॉपला जोडली, तर मॉनिटर लख्ख उजळला. म्हणजे दुखणं बाबांच्या लॅपटॉपच्या पोटातच. बाहेरच्या पडद्याला चित्र पाठवणारी चिप वेगळी होती, आणि तिला चालवणारा छोटा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, लोडच होत नव्हता.

तिने ड्रायव्हर काढला, नव्याने टाकला. मशीनने एक पासवर्ड ठरवायला सांगितला, तिने ठरवला. लॅपटॉप पुन्हा सुरू व्हायला लावून ती कुकर बघायला गेली. परत येते तो ‘सिग्नल नाही’. सिस्टिमच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, जुनी आवृत्ती लावून पाहिली, तर वायफायच गेलं. इंटरनेटवरच्या मदत-मंचांवर शोधलं. एकाची अडचण अगदी हीच होती, आणि त्याने खाली लिहिलं होतं, ‘सुटलं, धन्यवाद.’ कसं सुटलं ते गुलदस्त्यातच. तो माणूस समोर असता तर तिने त्याला उभा सोलला असता.

पुन्हा काढलं, पुन्हा टाकलं. पुन्हा पासवर्ड, पुन्हा रीस्टार्ट. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. आली तर तेच.

“जुनी सिस्टिम बरी होती का गं?” सासऱ्यांनी हळूच विचारलं.

“बाबा, प्लीज! दर पाच मिनिटांनी विचारलंत तर काम व्हायचं कसं?”

ते हात मांडीवर घेऊन बसून राहिले. त्यांचं ते तसं बसणं तिला जास्तच लागलं.

दुपारी मशीनने स्वतःच लिहून ठेवलेल्या नोंदी उपसता उपसता तिला एक ओळ सापडली: ड्रायव्हरची सही ओळखीची नाही म्हणून त्याला आत घेतलं नाही. ही सही ओळखीची करून घ्यायलाच तर तो पासवर्ड होता! रीस्टार्ट होताना एक निळा पडदा येतो, तिथे तो द्यायचा असतो. पण तिच्यासमोर निळा पडदा कधी आलाच नव्हता. तिने तिसऱ्यांदा सगळं केलं, रीस्टार्ट दिला आणि बॅटरी संपत आली म्हणून, निळा पडदा यायच्या आत चार्जर आणायला शेजारच्या खोलीकडे धावली. दारातूनच मागे वळून पाहिलं.

लॅपटॉपचा छोटा पडदा निळा झाला. सासऱ्यांनी चाचपडत बोट पुढे नेलं आणि एंटर दाबला. एकदा, दोनदा. निळा रंग गेला.

“बाबा! काय केलंत?”

ते दचकले. “तूच म्हणाली होतीस ना, मशीनने काही विचारलं की एंटर दाबा?”

“पण वाचायचं तरी! ‘पुढे जा’ नको, त्याच्या खालचं हवं होतं. सकाळपासून माझं डोकं फिरलंय!”

“मला नाही दिसत गं ते.”

“चष्मा—”

“चष्म्याचं नाही. निळं झालेलं कळतं. अक्षरं नाही कळत. मोठ्या पडद्यावरचीही आता अर्धी अंदाजानेच वाचतो. महिना झाला.”

तिचा राग जिथल्या तिथे थिजला. “कुणाला बोलला नाहीत?”

“काम काढून घेतलं असतं तुम्ही.”

ती खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली. चौथ्यांदा ड्रायव्हर टाकला आणि या वेळी जागची हलली नाही. निळ्या पडद्यावर सही नोंदवली, पासवर्ड दिला. मोठा मॉनिटर उजळला तेव्हा आनंदाने ओरडायचंही तिच्यात त्राण उरलं नव्हतं.

“एवढं दिसतंय?” तिने अक्षरं वाढवली.

“अजून.”

एका ओळीत जेमतेम तीन शब्द मावू लागले.

“आता दिसतंय. पण असं गेलो तर सोमवारपर्यंत कसलं होतंय.”

“मी वाचते, तुम्ही ऐका. अडलं की मोठं करून दाखवते. आणि मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, आढेवेढे न घेता.”

“बरं,” ते म्हणाले, “पण विरामचिन्हंसुद्धा वाच हं. घाईत खाऊन टाकशील.”