तंबूसमोरचं रॉकेट

रशियानं आभाळात उपग्रह सोडला आणि धुळ्याच्या कॉलेजात इंटर सायन्सला असलेल्या पंडित पाटलाची झोप उडाली. बाकीची पोरं परीक्षेच्या काळजीत. हा आपला वसतिगृहाच्या गच्चीवर उताणा पडून स्वतःचं रॉकेट कुठवर जाईल ते बघत असायचा. रॉकेट अजून झालेलं नव्हतं. आराखडा झाला होता, आणि नाव ठरलं होतं, 'खानदेश एक'.

"नुसतं 'खानदेश' ठेव," खोलीतला जोडीदार लोटन म्हणाला. "एक म्हटलं की दुसऱ्याचा खर्च आलाच."

पण पहिल्याच्याच खर्चाची पंचाईत होती. पत्र्याची नळी, पंख, लेथवर कातायचं टोक, आतला मसाला. प्राचार्यांना विचारलं तर त्यांनी प्रयोगशाळेच्या फुटक्या तावदानाकडे बोट दाखवलं. "आधी एवढं बसू दे. मग आभाळाचं बघू." घरी मागायची सोय नव्हती, कारण घरच्यांच्या समजुतीनं मुलगा डॉक्टर होत होता.

शेवटी इस्त्रीचा सदरा घालून पंडित जळगावला गेला. रुपचंदशेठची कापसाची जिनिंग गिरणी होती आणि शेठ शिक्षणाला मदत करतात असं ऐकिवात होतं. शेठनी आराखडा उलटासुलटा करून बघितला.

"हे वर जाणार?"

"हो शेठ."

"मग?"

"मग खाली येणार."

शेठनी आराखड्याची घडी घातली. "येणार तर खालीच ना? मग इथंच राहिलं तर काय बिघडलं?"

पंडितला उत्तर सुचलं, पण ते चाळीसगावच्या फलाटावर, धुळ्याच्या गाडीची वाट बघताना. तोवर शेठनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं होतं. तो हताश होऊन तिथल्या एका पेटीवर बसला, तसा मागून आवाज आला, "ओ साहेब, उठा. तुम्ही राजा हरिश्चंद्रावर बसलात."

पेटीत सिनेमाची रिळं होती. मालक तोतारामनाना, जाडजूड मिशांचे, जत्रेजत्रेतून तंबू ठोकून सिनेमा दाखवणारे. पोराचा चेहरा बघून त्यांनी शेंगदाण्याची पुडी पुढे केली आणि सगळी हकिकत काढून घेतली.

"धूर निघतो?"

"निघतो."

"आवाज?"

"मोठा."

"ठरलं. दोंडाईच्याजवळच्या जत्रेत माझ्या तंबूसमोर उडव. खर्च माझा."

पंडित ताठ झाला. "नाना, हा खेळ नाही. हा शास्त्रीय प्रयोग आहे."

"अरे, नाटकवालेही खेळाला प्रयोगच म्हणतात," नाना म्हणाले.

नानाही त्याच गाडीत चढले, पण धुळं येईपर्यंत पंडित तत्त्वाला धरून बसला. स्टेशनवर उतरताना त्यानं जत्रेची तारीख विचारून घेतली.

जत्रेच्या दिवशी दोघं मित्र रॉकेट गोधडीत गुंडाळून पोचले, तर समोरून कर्णा लावलेला टांगा आला. "आज संध्याकाळी! चंद्रावर जाणारं रॉकेट! लगेच नंतर पौराणिक चित्रपट!"

पंडित तंबूकडे धावला. "नाना, चंद्रावर कुठलं? फार तर देवळाच्या कळसाएवढं जाईल!"

"कळसापर्यंत बघायला कोण येईल? कळस आहेच की तिथं."

दिवस कलायला लागला तशी माणसांची रीघ लागली. लोटननं मैदानात दोर बांधून सगळ्यांना लांब ठेवलं. रशियानं उपग्रहात बसवून कुत्री पाठवल्याचं गावोगाव कळलं होतंच. भिकुबाई नावाची एक म्हातारी आपलं कुत्रं दोरीला बांधून घेऊन आली. "हाई ली जाय रे भाऊ. रातभर भुकस."

जागा नाही, असं पंडितनं फार अदबीनं सांगितलं. मग तो खुर्चीवर चढून गुरुत्वाकर्षणावर बोलला. ते फक्त लोटननं ऐकलं, आणि तेही नाइलाजानं.

वात पेटली. दोघं मागे पळाले. वात सुरसुरत आत गेली आणि सगळं गप्प झालं. कोणीतरी हसलं. पंडित पुढे जायला निघाला तसं लोटननं त्याचा सदरा मुठीत धरला. तेवढ्यात फूत्कार झाला, धुराचा लोट उठला आणि 'खानदेश एक' सरळ वर गेलं. कळसाच्या वर गेलं, वडाच्या वर गेलं. खाली सावल्या पडल्या होत्या, पण उंचावर अजून ऊन होतं. त्या उन्हात नळी लखकन चमकली. वेळ मोजायला पंडितनं घड्याळ हातात धरलं होतं, त्याकडे बघायचं मात्र तो साफ विसरला. त्याचे डोळे भरून आले होते.

रॉकेट वळलं, कलंडलं आणि लांबच्या वावरात पडलं. मग ओरडा झाला आणि जत्रा त्या दिशेनं पळत सुटली.

"अरे इकडे! तिकिटं इकडे!" नाना खिडकीतून हात हलवत राहिले. तंबूपुढे भिकुबाईचं कुत्रं तेवढं उरलं.

"माझा धंदा उडवलास रे," नाना खाली बसत म्हणाले.

बऱ्याच वेळानं ढोल वाजत आला. बैलगाडीत रॉकेट, त्यावर गुलाल, आणि शेजारी मांडी घालून वावराचा मालक उखर्डू. पंडितनं हात पुढे केला तसा तो म्हणाला, "मन्हा वावरमा पडनं, ते मन्हं शे."

नानांचे डोळे लकाकले. त्यांनी पुढे होऊन उखर्डूला रॉकेटसकट तंबूत नेलं आणि सगळ्यात मागच्या, महागाच्या खुर्चीवर फुकट बसवलं. मग काय, जवळून बघायला मिळणार म्हणून खिडकीवर झुंबड उडाली. पंडित-लोटनला बसायलाही जागा उरली नाही. अर्धा सिनेमा लोकांनी पडद्याकडे पाठ करून बघितला.

सकाळी उखर्डूकडून रॉकेट काही सुटलं नाही. पंडितनं ते उदार चेहऱ्यानं त्याला देऊन टाकलं. निघताना नानांनी गाठलं.

"साक्रीच्या बाजाराला दुसरं कर. पण पडू दे तंबूजवळ."

"ते वाऱ्यावर असतं, नाना."

"मग वाऱ्याचाही खर्च धर."

लोटन हसत सुटला. पंडित मात्र गंभीरपणे गाडीत चढला आणि खिडकीशी बसून पंख थोडे रुंद करावेत का, याचा विचार करू लागला.