बर्फात पुरलेलं पिंप

रविवारची प्रार्थना आटोपून घरी आल्यावर नॉर्बर्ट झास्ट्रोने गॅरेजमधला फ्रिज उघडला, आतलं पाच लिटरचं पोलादी पिंप काढून कामाच्या टेबलावर ठेवलं, आणि पिंपाने त्याला मान डोलावून दाखवली.

चांगलं पिंप डोलत नाही. ठेवलं तिथे गपगुमान बसतं. याचा तळ मात्र बशीसारखा फुगून बाहेर आला होता, आणि वर, रबरी बुचाच्या भोवती, पत्र्याला पोट सुटलं होतं. पोट नॉर्बर्टलाही होतं, पण ते कमवायला त्याला चाळीस वर्षं लागली होती. पिंपाने तीन आठवड्यांत उरकलं होतं.

कारण शोधायला लांब जायची गरज नव्हती. घरच्या बिअरला फेस यावा म्हणून पिंप बंद करण्याआधी तिच्यात थोडा साखरेचा पाक घालतात. यीस्ट तो खातं आणि गॅस सोडतं. पाक बेताचा असला तर ग्लासावर सुरेख फेस येतो. दुप्पट झाला तर जे येतं त्याला झास्ट्रो घराण्यात नऊ वर्षं नाव नव्हतं, कारण ज्यांनी ते ठेवायचं ते दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

नऊ वर्षांपूर्वी नॉर्बर्ट आणि त्याचा धाकटा भाऊ अर्विन यांनी आईच्या तळघरात बिअर केली, बाटल्यांत भरली, आणि एका उकाड्याच्या दुपारी त्या बाटल्या एकीमागून एक फुटल्या. सोबत आईने बरण्यांत भरून ठेवलेल्या सगळ्या चेरी गेल्या. नॉर्बर्ट म्हणाला, अर्विनने पाक दोनदा घातला. अर्विन म्हणाला, मी एकदाच घातला, दुसरा तुझा. पुढचं सगळं भांडण चर्चच्या दारात, अख्ख्या गावासमोर झालं. आई गेली तेव्हाही चर्चच्या तळघरातल्या जेवणाला एक भाऊ हॅमच्या टेबलाच्या या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला उभा होता, आणि मधल्या बटाट्याच्या सॅलडने दोघांच्या वतीने पाहुण्यांचं स्वागत केलं.

आता अर्विन घर विकून मुलाकडे अ‍ॅरिझोनाला चालला होता. आजच. जाता जाता वडिलांचं बिअर उकळायचं तांब्याचं भांडं परत द्यायला येतो, असा निरोप त्याने दिला होता, तोही नॉर्बर्टला नव्हे, त्याच्या बायकोला, मार्लिसला. अ‍ॅरिझोनाला गेलेली माणसं पुढे फक्त नाताळच्या कार्डावर भेटतात, तीही उन्हाने रापलेली आणि अर्ध्या चड्डीत. त्यामुळे जे व्हायचं ते आज, या गॅरेजमध्ये व्हायला हवं होतं. अर्विनने बसावं आणि एक ग्लास प्यावा, एवढंच नॉर्बर्टला हवं होतं. माफी मागण्याची पद्धत त्यांच्या घरात नव्हती. वडिलांनी ती कधी आणलीच नाही. पण वडिलांसारखी काळी बिअर करता येत होती. बाटल्यांचं नाव काढणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने हे छोटं पिंप आणलं होतं, वरून खुपसायचा नळ आणि बोटाएवढ्या गॅसच्या नळकांड्यांसकट. पिंप फुटत नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं.

बाहेर बर्फ करकरलं. नॉर्बर्टने घाईघाईने टॉवेलची घडी करून पिंपाच्या बुडाखाली सारली.

अर्विनचा पिकअप अंगणात येऊन थांबला. थांबला म्हणजे चाकं थांबली. इंजिन चालूच होतं. अर्विन उतरला, तांब्याचं भांडं छातीशी धरून आत आला आणि ते जमिनीवर ठेवलं. टोपी काढली नाही, कोटाचं एक बटणही सोडलं नाही.

"हे घे."

"गाडी चालू राहिली तुझी."

"मुद्दाम ठेवलीय. अंधार पडायच्या आत आयोवा राज्य ओलांडायचंय."

"आयोवा कुठे पळून चाललंय?"

"आयोवा नाही. मी चाललोय."

मार्लिसने दारातून डोकं काढलं. "आलास का अर्विन! बस ना. इथे गारठा आहे म्हणून हीटर मोठा करून ठेवलाय मी." आणि सँडविच करायला आत गेली.

नॉर्बर्टने वर पाहिलं. छताला टांगलेला हीटर गरम वाऱ्याचा झोत सोडत होता. झोताच्या बरोबर खाली टेबल होतं. टेबलावर पिंप होतं.

अर्विन घडीच्या खुर्चीच्या कडेला टेकला, बसस्टॉपवर टेकावं तसा. त्याची नजर पिंपावर गेली, टॉवेलवर उतरली, परत वर आली. तीस वर्षं त्याने विमा विकला होता. लोकांच्या घरातली कुठली वस्तू त्यांच्या जिवावर उठेल, ते तो उंबऱ्यातून ओळखायचा.

"टेबल वाकडं आहे का तुझं?"

"टेबल सरळ आहे."

"बरं."

"टॉवेल आपला असाच. पाणी सुटतं ना थंड पिंपाला."

"सुटतं, सुटतं."

'टक्' असा आवाज झाला. पत्रा गरम होऊन बोलला होता. दोघांपैकी एकानेही मान वळवली नाही.

हीटर बंद करायला उठून भिंतीवरचं बटण दाबणं एवढंच काम होतं. पण उठला की का उठला ते सांगावं लागणार, आणि ते सांगायचं म्हणजे, मी पाक जास्त घातला, हे सांगायचं. नऊ वर्षं ज्याला पाक मोजता येत नाही म्हणून हिणवलं त्याच्यासमोर. नॉर्बर्टने हात मांडीवर ठेवला.

"अ‍ॅरिझोनात म्हणे खूप ऊन असतं," तो म्हणाला.

"असतं म्हणे."

टक्.

"बर्फ काढावं लागत नसेल."

"नसेल."

टक्. या वेळी पिंप स्वतःभोवती थोडं फिरलं, कुणी हाक मारल्यासारखं.

अर्विन उठला. संपलं, असं नॉर्बर्टच्या मनात आलं, निघाला हा. अर्विन दाराकडे गेला खरा, पण दाराशेजारच्या भिंतीवरचं बटण दाबून त्याने हीटर बंद केला.

"उकडतंय," तो म्हणाला, कानावरची लोकरीची टोपी नीट करत.

आता एकच रस्ता उरला होता, असं नॉर्बर्टला वाटलं: पुरुषासारखं पिंप उघडायचं. त्याने नळ उचलला, गॅसचं नळकांडं बाजूला ठेवलं (या पिंपाला आणखी गॅस देणं म्हणजे बुडत्याला पाणी पाजणं), आणि नळाची लांब नळी बुचावर टेकवली.

"नॉर्ब."

नऊ वर्षांत हे नाव या आवाजात त्याने ऐकलं नव्हतं.

"तो खुपसलास तर नळ छताला आणि तू इस्पितळात. माझा विम्याचा परवाना संपलाय, आधीच सांगतो."

नॉर्बर्टचा हात तसाच राहिला. नळांच्या कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाला नळ कसा बसवायचा हे विमावाला शिकवत होता. आणि बरोबर सांगत होता, हे जास्त वाईट होतं.

"मग काय करू?"

अर्विनने त्याच्याकडे निरखून पाहिलं. नॉर्बर्टने काही विचारल्याचं त्याला लहानपणापासून आठवत नसावं.

"गार कर आधी. बर्फात. मग बुचाची कड उचलून हळूहळू गॅस सोडायचा. दोघं लागतील."

दोघांनी मिळून पिंप उचललं. झोपलेलं तान्हं बाळ न्यावं तसं, श्वास धरून, पावलाला पाऊल लावत. अंगणाच्या कडेला बर्फाचा कमरेएवढा ढीग होता. नॉर्बर्टने फावड्याने खड्डा केला, अर्विनने पिंप आत उतरवलं, आणि वर बर्फ लोटून दोघे उभे राहिले. समोरच्या घरातल्या बाईंनी पडदा सरकवून पाहिलं आणि, टोप्या घालून ढिगासमोर उभे असलेले दोन म्हातारे पाहून, मांजर गेलेलं दिसतं या समजुतीने हात हलवला.

शेजारी पिकअप धूर सोडत गुरगुरत होता. त्याच्यापुढे बोलायचं म्हणजे ओरडावं लागलं असतं, आणि ओरडून बोलण्याचा दोघांचाही पूर्वानुभव चांगला नव्हता. नाकं लाल झाली. अर्विनने दोनदा घड्याळ पाहिलं.

"आता," तो शेवटी म्हणाला.

पिंप अर्धं उकरलं. अर्विनने ओल्या टॉवेलने ते गुंडाळलं आणि गुडघ्यांत दाबून धरलं. नॉर्बर्टने स्क्रूड्रायव्हरचं टोक बुचाच्या कडेखाली सरकवलं.

"तोंड बाजूला घे, गाढवा."

"तूच घे."

कड केसभर उचलली गेली. फुस्स. जाड, रागीट, लांबलचक. तपकिरी फेस बोटांवर उसळला, बाहीत शिरला, बर्फावर कॉफी सांडल्यासारखे डाग पडले. अर्विनने पंजाने बूच दाबून धरलं.

"थोडं थोडं! सोडू नकोस!"

"तू सोडू नकोस!"

नेमकी तेव्हाच मार्लिस सँडविचची थाळी घेऊन दारात आली. एकाचा हात बुचावर, दुसऱ्याचा स्क्रूड्रायव्हरवर. दोघांनाही हलायची सोय नव्हती.

"हे काय चाललंय?"

"पाक जास्त झालाय," नॉर्बर्ट दातांतून म्हणाला. सांगून टाकलं एकदाचं. "मी एकदाच घातला होता. शपथ."

"तू घातलास?" मार्लिस म्हणाली. "मला वाटलं तू विसरलास. ओट्यावर पातेलं धुतलेलं दिसलं, म्हणून मीच नवा पाक करून ओतला. तू विसरतोसच. दार लावायचं विसरतोस, शेगडी बंद करायचं विसरतोस. मागे आईंकडे तेच. धुतलेलं पातेलं पडलेलं, आणि तुम्ही दोघं वर मॅच बघत बसलेले."

पिंप फुसफुसत राहिलं.

"आईंकडे कधी?" अर्विनने विचारलं. आवाज अगदी हळू होता.

"तेच ते. बाटल्यांच्या वेळी."

फेस नॉर्बर्टच्या कोपरापर्यंत पोचला होता. त्याला ते कळलं नाही.

"मार्लिस. नऊ वर्षं तू बोलली नाहीस?"

"मला कुणी विचारलं? तू म्हणालास अर्विनने घातला, अर्विन म्हणाला तू घातलास. दोघंही इतक्या खात्रीने, पाद्रीबुवांसमोर. मी म्हटलं, एवढं माहीत आहे तर असेल तुमचंच काहीतरी. माझा आपला एक पातेलं पाक." थाळी तिने पिकअपच्या टपावर ठेवली. "आणि एका पातेल्यासाठी दोन बापे नऊ वर्षं तोंड फिरवून बसतात, तेही मीच शिकवलं का?"

फेस ओसरेपर्यंत दोघे बुचाशी बांधलेले होते, आणि फेसाला घाई नव्हती.

"मी एकच पातेलं घातलं होतं," अर्विन पिंपाकडे पाहत म्हणाला.

"हो," नॉर्बर्ट म्हणाला.

झास्ट्रो घराण्यात यापेक्षा मोठं भाषण कुणी केल्याची नोंद नाही.

फुसफुस मंदावली आणि थांबली. पिंप आत नेलं. नळ बसला, निमूट. नॉर्बर्टने कळ ओढली आणि ग्लास भरला. वरपासून खालपर्यंत नुसता फेस, तळाशी बोटभर काळी बिअर. त्याने तो ग्लास तसाच भावापुढे ठेवला. लाज वाटण्यासारखा ग्लास होता तो.

अर्विनने वाकून पाहिला. "याला बसायला वेळ लागेल."

"लागेल."

अर्विन वळला आणि बाहेर गेला. पिकअपचं दार उघडल्याचा आवाज आला. नॉर्बर्टने मागे वळून पाहिलं नाही. त्याने कळ घट्ट पकडली, ती आधीच बंद होती, तरी आणखी बंद केली.

मग इंजिन बंद झालं.

अंगण इतकं शांत झालं की ग्लासातला फेस विरताना ऐकू येऊ लागला. अर्विन टपावरची थाळी घेऊन आत आला. कोटाची बटणं सोडत त्याने खुर्ची ओढली आणि या वेळी पाठ टेकून बसला.

"मोहरी कमी आहे यात," तो सँडविच उघडून म्हणाला.

"मी घालते," मार्लिस पुढे झाली.

"तू नको!" दोघे भाऊ एका सुरात ओरडले.