काउंटीतला पाचवा कोरियन

लायब्ररीच्या दारावरचा कागद पहिल्यांदा डॉक्टर प्योंनी वाचला. डॉक्टर प्यो म्हणजे डुकरांचे डॉक्टर. अमेरिकेतल्या आमच्या हॅस्केट काउंटीत माणसांपेक्षा डुकरं जास्त, त्यामुळे माणसांच्या डॉक्टरपेक्षा त्यांनाच मान. बुटांवरचा बर्फसुद्धा न झटकता ते थेट आमच्या लाँड्रीत शिरले.

"माल्सूनबाई, आपण किती जण आहोत?"

"कुठे?"

"काउंटीत. कोरियन."

हा काय प्रश्न झाला? मी, माझा नवरा गितेक, डोनटवाली बोंगन्येताई आणि हे स्वतः. अकरा वर्षं चारच.

"जनगणनेत पाच लिहिलेत," डॉक्टर म्हणाले.

मी इस्त्री उभी करून ठेवली. आतून गितेक ओरडला, "डॉक्टर, जेवण झाल्यावर तुमचं वजन दोन माणसांचं होतं. म्हणून धरलं असेल दोनदा!"

पण थट्टा संपली तरी तो आकडा डोक्यातून जाईना. पाचवा माणूस! आम्हा चौघांना एकमेकांच्या सगळ्या गोष्टी पाठ होत्या. गितेक लष्करात असताना अंधारात संडासाच्या खड्ड्यात पडला होता, त्या गोष्टीतलं त्याने नुसतं "त्या वर्षी थंडी अशी होती..." म्हटलं की बोंगन्येताई शेवटचं हसू आधीच हसून मोकळी व्हायची. पाचवा माणूस म्हणजे नवे कोरे कान.

ताईला सांगितलं, तर तिने पिठाचे हात तसेच कमरेवर ठेवले. "बाई की बाप्या?"

"कागदावर तेवढं नाही लिहिलेलं."

"बाप्या असला आणि एकटा असला, तर आधी माझ्या दुकानात आणायचा. सांगून ठेवते." ताई त्रेसष्ट वर्षांची, विधवा, आणि लाज हा प्रकार ती कोरियातच ठेवून आलेली.

पण शोधायचा कसा? तो कोबीने सापडला. किराणा दुकानात दर गुरुवारी आपल्या किमचीचा, म्हणजे तिखट आंबवलेल्या लोणच्याचा, लांब कोबी येतो, एक डझन. मी पोचेपर्यंत त्यातले सहा गेलेले असायचे. त्या दिवशी मी सहज म्हटलं, "अर्धा कोबी तर ताई, तूच नेतेस."

"मी?" ताई किंचाळली. "मला वाटायचं तू नेतेस!"

अकरा वर्षं! याच रागापायी एका नव्या वर्षाला मी तिला मुद्दाम बारकी नासपती दिली होती. हे मी तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, "ठाऊक आहे. म्हणून मी तुला शिळे डोनट दिले." मग आम्ही दोघी इतक्या हसलो की समोरचं गिऱ्हाईक पैसे ठेवून निघून गेलं.

गुरुवारी सकाळी दुकानं बंद ठेवून आम्ही तिघं आमच्या व्हॅनमधून किराणा दुकानासमोर दबा धरून बसलो. डॉक्टर एका अडलेल्या डुकरिणीकडे गेले होते. पुढे आम्ही नवरा-बायको. मागे टांगलेले शर्ट, एका नवरीचा पांढरा झगा, आणि त्यांच्या मधोमध ताई.

सव्वासातला एक माणूस आला. सहा फुटांच्या वर, गाजरासारखा लाल, कोटाला गवत चिकटलेलं. काचेतून आम्ही बघत होतो. त्याने एकेक कोबी उचलला, बुडाशी अंगठा दाबला, बाहेरचं पान वाकवून पाहिलं आणि सहा निवडले.

"हा हात कुणीतरी शिकवलेला आहे," ताई कुजबुजली. "अशी पानं माझी आई वाकवायची. गितेक, गाडी काढ!"

त्याच्या ट्रकमागे आम्ही निघालो. दोन्हीकडे बर्फाची शेतं आणि रस्त्यावर दोनच गाड्या. त्यात आमच्या व्हॅनवर भल्यामोठ्या लाल अक्षरांत 'डाग? आणा इकडे!' असं लिहिलेलं. लपूनछपून पाठलाग करायला याहून वाईट गाडी मिळाली नसती.

"अहो, जरा अंतर ठेवा," मी म्हणाले.

"अगं, अंतर ठेवलं तर दिसेनासा होईल!"

"आणि नाही ठेवलं तर पोलिसांना बोलावेल!"

एकोणीस मैलांवर तो कच्च्या रस्त्याला वळला. गितेकनेही वळवली आणि आमची गाडी अलगद बर्फाच्या खड्ड्यात जाऊन बसली. लाल माणूस थांबला, साखळी घेऊन चालत आला आणि खिडकीत वाकला.

"अर्धा तास माझ्या मागे आहात," तो शांतपणे म्हणाला. "माझा एखादा शर्ट राहिलाय का तुमच्याकडे?"

मागून, झग्याच्या आतून, ताईचा आवाज आला. "तुम्ही कोरियन आहात का हो?"

माणसाने झग्याकडे पाहिलं. "मी ऑर्विल," तो म्हणाला. "पण बायको आहे कोरियन." मग आमच्या तोंडांकडे नीट पाहून त्याचे डोळे विस्फारले. "थांबा थांबा. तुम्ही पण?"

त्याने गाडी ओढून काढली आणि घर येईपर्यंत हॉर्नवरचा हात उचलला नाही.

दारात एक ठेंगणी म्हातारी उभी होती. पायात पुरुषी गमबूट, हातात सुरी. "काय झालं रं? गाय अडली का काय?" मग आम्ही दिसलो. मी कमरेत वाकून शुद्ध सोलच्या भाषेत नमस्कार केला.

"आगं बया!" ती म्हणाली. "आपली मानसं!"

तिची बोली पार दक्षिणेकडची, खेड्यातली, आणि पन्नास वर्षांपूर्वीची. असे शब्द मी माझी मावशी गेल्यापासून ऐकले नव्हते. तिचं नाव गापसून. सैनिक ऑर्विलशी लग्न करून एकाहत्तर साली इथे आलेली.

"मावशी, आम्ही अकरा वर्षं इथे आहोत. तुम्ही कधी गावात कशा नाही दिसलात?"

"म्या बगितलंय की तुमास्नी. ट्रकात बसून, डोनटच्या काचंतनं."

"मग आत का नाही आलात?"

तिने सुरी पदराला पुसावी तशी कोटाला पुसली. "लई वर्सांमागं शहरात आपल्या बायका भेटल्या हुत्या. सोजराची बायकू म्हून त्यांनी पाठ फिरवली. तवाच ठरिवलं, पुन्यांदा कुणाफुडं जायाचं न्हाई."

ताई डोळे पुसत तरातरा पुढे झाली आणि तिने मावशीला कवेत घेतलं. तेव्हा दिसलं, ताईच्या पाठीच्या बटणाला नवरीच्या झग्याची जाळी अडकली होती. व्हॅनपासून दारापर्यंत बर्फावरून ती ताईमागे फरफटत आली होती, आणि तिच्या टोकावर ऑर्विलचं कुत्रं ऐटीत बसलं होतं.

मावशी हसायला लागली. हसता हसता उंबऱ्यावर बसली. "ह्यी नवरी कुनाची गं?" एवढंच कसंबसं म्हणाली आणि पुन्हा हसली. तिला पाहून आम्हीही बसलो, त्या थंडीत, तिथेच.

मग जेवण. मावशीची किमची तोंडात टाकली आणि गितेकने डोळे मिटले. नवे कान मिळाल्यावर तो थांबतोय कशाला! "त्या वर्षी थंडी अशी होती..." मावशी अगदी हव्या त्या जागी हसली. वर तिने ऑर्विल तिच्या वडिलांकडे मागणी घालायला आला आणि शेणाच्या ढिगात कमरेपर्यंत रुतला, ती गोष्ट सांगून गितेकचा खड्डा पार उथळ करून टाकला.

"चला, पाचव्या तुम्हीच," मी म्हणाले.

"म्या कशी? मला काय ठावं? जनगननेचा फारम ह्योच भरतुया."

ऑर्विलने मान डोलावली. "वंश पहिल्या रकान्यात तुझा, दुसऱ्यात माझा. तू कोरियन, मी गोरा."

"पण पहिल्या रकान्यात फॉर्म भरणाऱ्याने स्वतःचं लिहायचं असतं," गितेक म्हणाला. "नाव कुणाचं घातलंत?"

ऑर्विल विचारात पडला. "नाव... माझंच घातलं वाटतं."

मावशीने टेबलावर थाप मारली. "म्हंजी सरकारच्या दफ्तरी म्या गोरी, आन् ह्यो कोरियन! तरी सांगत हुते, चष्मा लाव, चष्मा लाव!"

ऑर्विल उठला, टोपी काढली आणि कमरेत वाकून आम्हाला रीतसर कोरियन नमस्कार केला. ताई खुर्चीवरून खाली घसरली.

मी डॉक्टरांना फोन लावला. मागे डुकरीण ओरडत होती. "डॉक्टर, पाचवा सापडला! सहा फूट तीन इंच, निळे डोळे."

डॉक्टरांनी जे कुठलाही कोरियन माणूस विचारेल तेच विचारलं. "मूळ गाव कुठलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आमचा फोन वाजला. इतक्या पहाटे कुणाचा म्हणून मी घाबरून उचलला.

"कुनी न्हाई, म्याच," मावशी म्हणाली. "काय करतियास?"

"झोपले होते, मावशी."

"मग ऊठ की. मुळा किती बारीक चिरतीस, ते सांग."

मुळ्यावरून आम्ही दोघींच्या आयांवर गेलो, आयांवरून गावातल्या विहिरींवर, विहिरींवरून कुणाच्या तरी पळून गेलेल्या नवऱ्यावर. पाऊण तासाने गितेक दार लोटून आत आला. "अगं, गिऱ्हाईक उभं आहे," तो म्हणाला. मी हातानेच त्याला गप्प बसवलं. मावशीच्या गोष्टीतला तो पळालेला नवरा नुकताच बाजारात सापडला होता.